शिकवण्याची मजुरी कोणाच्या खात्यात टाकायची?

वाळूवाला_उद्यमबाग (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारतो. लांबलंय, सांभाळून घ्या.

बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे, वाळूच्या साच्यात धातू ओतून माल करतो. वडिलांनी घातली, आता मी बघतो. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्हची झाकणं, असला बिडाचा माल. वडिलांच्या वेळेपासून एक मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, आमच्याकडे आहेत, सगळं शॉप त्यांना मामा म्हणतं. दिवाळीनंतर ते थांबणार. गुडघे गेलेत, मी अडवणार नाही.

गेल्या पावसाळ्यात आठवडाभर मालाला ब्लो होल यायला लागले. वरून कास्टिंग (ओतीव माल) चकाचक, मशीनिंगला टूल लागलं की आत भोकं. दोन लॉट परत आले. वाळूतला ओलावा मीटरवर रोज साडेतीन टक्के, नेहमीएवढाच. धातूची केमिस्ट्री बरोबर. शेवटी मामांनी मिक्सरमधून मूठभर वाळू घेतली, दाबून गोळा केला आणि दोन्ही हातांनी मधोमध मोडला. मोडलेल्या कडेकडे बघत राहिले. मग चिमटीत चोळून म्हणाले, "मालक, वाळू मेलीय. पाणी हाय, पण धरत न्हाई." जुनी वाळू काढून नवी भरली, बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकट माती) वाढवलं, तिसऱ्या दिवशी माल सुधारला. नंतर बाहेरून तपासून घेतलं तेव्हा कारण कळलं. पुन्हा पुन्हा तापून जळालेली माती वाळूत साठली होती. ती पाणी पिते, पण चिकटपणा देत नाही. मीटर पाणी मोजतो, चिकटपणा मोजत नाही.

हे शिकावं म्हणून मी मामांच्या हाताखाली आजवर तीन पोरं दिली. पहिले सहा महिने पोरगं जेवढ्या पेट्या (पेटीत वाळू ठोकून केलेले साचे) ठोकतं त्यातल्या निम्म्या मोडतात, आणि त्याच्याकडे लक्ष देताना मामांच्याही पेट्या कमी होतात. दोघांचा पगार माझा, रिजेक्शन माझं. दोन वर्षांनी पोरगं तयार झालं की मोठ्या प्लांटमध्ये चार-पाच हजार जास्त मिळतात म्हणून जातं. पोरांवर माझा राग नाही, त्यांच्याही घरी चूल आहे. तिघांच्याही लग्नाला मी जाऊन आलोय.

पण खर्च माझा आणि उपयोग दुसऱ्याचा, असं असेल तर चौथ्याला शिकवू का? आणि माझ्यासारख्या सगळ्यांनी शिकवणं सोडलं, तर पंधरा वर्षांनी वाळू मेलीय हे सांगणार कोण? एका पिढीचं हातातलं पुढच्या पिढीच्या हातात जायला जो पैसा लागतो, तो कोणी घालायचा?

---

मच्छे_शिफ्ट_बी

दादा, पोटातलं बोललात. आमच्या मशीन शॉपमध्येही हीच रड.

---

टिळकवाडीची_मास्तरीण

वाळूवाला, मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. तुमचा प्रश्न आमच्या विषयातला जुना आणि अवघड प्रश्न आहे.

गॅरी बेकरने १९६४ मध्ये कौशल्याचे दोन भाग केले. एक, जे फक्त तुमच्याच कारखान्यात कामाला येतं. दुसरं, जे कुठेही विकलं जातं. मोल्डिंग दुसऱ्यात बसतं. बेकरचं म्हणणं असं की कुठेही विकता येणाऱ्या कौशल्याचा खर्च मालक करणार नाही, शिकणाऱ्यालाच तो कमी पगार घेऊन करावा लागेल. कागदावर पटतं. पण ज्या पोराच्या घरी बापाचं औषध त्याच्या पगारावर चालतं, ते दोन वर्षं कमी पैशात कसं काढणार? शिकण्यासाठी तारण न मागता कर्ज देणारं कोणी नसतं. त्यामुळे मालक मागे सरतो, पोरगंही मागे सरतं आणि शिकवणं तिथेच राहतं.

आता नुकसान केवढं ते बघा. स्वीडनमध्ये होर्नडाल नावाचा पोलाद कारखाना होता. पंधरा वर्षं तिथे नवी गुंतवणूक जवळजवळ झाली नाही, तरी दर माणशी तासाचं उत्पादन वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी वाढत गेलं. केनेथ ॲरो यांनी १९६२ च्या निबंधात हा दाखला दिला आणि करता करता शिकणं हे अर्थशास्त्रात पक्कं बसवलं. ती वाढ कुठल्या मशीनमधून आली नव्हती, माणसांच्या हातातून आली होती. तीच माणसं दर दोन वर्षांनी बदलली असती तर ती आली असती का, एवढाच विचार करा.

---

हत्तरगी_सीएनसी

मॅडम, याच्या जोडीला आमच्या क्षेत्रातला आकडा देतो. मी हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे सुटे भाग करणाऱ्या शॉपमध्ये आहे. टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमान कारखान्यांचा हिशेब मांडला. एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका विमानाला लागणारी मजुरी साधारण २० टक्क्यांनी उतरते. पुन्हा दुप्पट, पुन्हा २० टक्के. आमच्याकडे नवा पार्ट लागला की हे डोळ्यांनी दिसतं. पहिल्या पन्नास नगांना जीव जातो, पाचशेव्या नगाला पोरगं गाणी ऐकत काम करतं.

पण वाळूवाला, थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मामांचं सगळं कौशल्य मामांसारखंच पुढे जायला पाहिजे, असं मला वाटत नाही. वाळूचा जिवंतपणा मोजायची चाचणी आहे, मिथिलिन ब्लू. त्याच्या रंगावरून चिकट माती किती उरली ते कळतं. ती दर आठवड्याला केली असती तर दोन लॉट गेले नसते. मुठीवर किती दिवस राहणार?

---

वाळूवाला_उद्यमबाग

@हत्तरगी_सीएनसी, ती चाचणी आता सुरू केली आहे, आणि तुमचं म्हणणं खरं आहे. पण ती करायला हवी हे कळलं कशावरून? मुठीवरून. मामा "मेलीय" म्हणाले नसते तर मी अजून धातूच्या केमिस्ट्रीतच चूक शोधत बसलो असतो.

---

वडगाव_खड्डामाग

मी थोडं विरोधात लिहितोय, राग मानू नका.

आमचं घर विणकराचं. आजोबा खड्ड्याच्या मागावर साडी विणायचे. मी सात वर्षांचा असताना कांड्या भरायचो. दहाव्या वर्षी धोटा हातात आला. आजोबांना ताण्यातला तुटलेला धागा न बघता कळायचा, पायाखालच्या पट्टीचा आवाज बदलतो म्हणायचे. वडिलांनी पॉवरलूम घातले आणि आजोबांचं ते ज्ञान एका वर्षात निरुपयोगी झालं. आजोबा नंतर दारात बसून असायचे. ते आठवलं की आजही घशात येतं.

पण खरं सांगू? मी शाळेत गेलो तो त्या पॉवरलूमच्या पैशावर. वडिलांनी मला खड्ड्यात बसवून "आजोबांचं राख" म्हटलं असतं तर आज मी हा धागा वाचत नसतो. जुनं शिकवायला पैसा कोणी द्यायचा याच्या आधी ठरवायला पाहिजे की कुठलं जुनं शिकवायचं. पोरांच्या आयुष्यातली दोन वर्षं हाही खर्चच आहे, आणि तो मालकाच्या वहीत कधी लिहिला जात नाही.

---

टिळकवाडीची_मास्तरीण

वडगावकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या आजोबांच्या बाबतीत जे झालं त्याचंच गणित फिलिप आगियों आणि पीटर हॉविट यांनी १९९२ मध्ये मांडलं. नवं येतं ते जुन्याची किंमत खाऊन येतं. २०२५ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग त्या दोघांना मिळाला.

उरलेला अर्धा जोएल मोकिर यांना मिळाला, आणि त्यांचं काम तर या धाग्यासाठीच केल्यासारखं आहे. ते इतिहासकार आहेत. ज्ञान दोन तऱ्हेचं असतं असं ते म्हणतात. एक 'असं का होतं' याचं, दुसरं 'हे कसं करायचं' याचं. शेकडो वर्षं कारागिरांना 'कसं' येत होतं, पण 'का' माहीत नव्हतं, म्हणून शोध लागायचे आणि तिथेच थांबायचे. युरोपात ही दोन्ही माणसं एकमेकांशी बोलायला लागली तेव्हा प्रगती थांबेनाशी झाली. मामांची मूठ म्हणजे 'कसं', मिथिलिन ब्लू म्हणजे 'का'. वाळूवाला आणि हत्तरगीकर भांडताहेत असं मला वाटत नाही. दोघे मिळून एकच वाक्य पुरं करताहेत.

---

कुंदा_प्रेमी

मॅडम, मग आपला कुंदा कशात बसतो? दूध आटवायला ठेवलं, आचाऱ्याचं लक्ष गेलं, तळाला लागून तांबूस झालं आणि ते फेकण्याऐवजी खरवडून खाल्लं, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे. पण 'का' कोणालाच माहीत नव्हतं, तरी आख्खं बेळगाव पिढ्यान्‌पिढ्या खातंय.

---

मच्छे_शिफ्ट_बी

कुंदाप्रेमी, धागा कुठलाही असो, तुम्ही कुंद्यावर आणताच. येताना अर्धा किलो आणा आता.

---

निपाणीची_कापशी

आमचं काम चपलांचं. निपाणी, अथणी, चिकोडी भागात कोल्हापुरी चपला बनतात हे बाहेर फार कमी लोकांना ठाऊक असतं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमा कागदावर, चप्पल दोन्हीकडे.

बाभळीची साल आणि हिरड्यात पकवलेलं कातडं, तळ चामड्याच्याच वादीने शिवायचा, खिळा नाही. चपलेवरची वेणी आई विणते, कापणं बाबांचं. बाबांची रापी (कातडं कापायचं हत्यार) आजोबांची आहे. घासून घासून पातं निम्मं राहिलंय, पण नवीन रापीने त्यांना कातडं पातळ करता येत नाही म्हणतात.

आमच्याकडे शिकवण्याचा खर्च कोणी घालायचा हा प्रश्नच कधी नव्हता, कारण शिकणारा घरचाच. पोरगं कुठे पळणार? पण त्याची दुसरी बाजू मला आता दिसते. आमच्या घरात जे येतं ते शेजारच्या घरात नाही. त्यांच्या चपलेच्या अंगठ्याची घडण आमच्यापेक्षा चांगली आहे, ती त्यांनी कधी दाखवली नाही आणि आमच्या आजोबांनी कधी विचारली नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या तेव्हा सगळे आम्हाला फोन करायला लागले. मला वाटलं, तिकडच्या माणसाने लांबून बघून उचललं, आम्ही मात्र भिंतीला भिंत असून एकमेकांचं शिकलो नाही.

माझ्या भावाला हे काम नको आहे. मला हवंय. बाबा आधी नाही म्हणाले, मुलगी कापायला बसत नाही म्हणून. आता सहा महिने झाले, बसते. परवा पहिला तळ त्यांनी न सुधारता घेतला.

---

टिळकवाडीची_मास्तरीण

ताई, अभिनंदन! हा तळ जपून ठेवा, विकू नका.

तुम्ही जे लिहिलंत त्यावर दाविद द ला क्रोआ, मॅथियास डोपके आणि मोकिर यांचा २०१८ चा निबंध आहे. कौशल्य फक्त घराण्यात फिरलं तर बापाला जेवढं येतं तेवढंच पोराला येतं. पण पोराला दुसऱ्या उस्तादाकडेही शिकायला जाता आलं तर चांगली पद्धत निवडली जाते आणि पसरते. युरोपातल्या कारागिरांच्या संघांनी हे केलं असं ते मांडतात. शिकाऊ परक्या घरचा असायचा, आणि शिकवण्याचा करार नीट पाळला जातो की नाही यावर संघाची नजर असायची.

---

कडोलीचा_शेतकरी

आमच्यात उलटं आहे बघा. शेतात भिंत नसते, सगळं बांधावरून दिसतं. आमच्या गावात मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) पहिल्यांदा एकाने टाकला तेव्हा आम्ही सगळे नुसते बघत होतो. त्याचं पहिल्या वर्षी चुकलं, भोकांमधलं अंतर कमी पडलं, रोपं दाटली. दुसऱ्या वर्षी त्याने सुधारलं. तिसऱ्या वर्षी आम्ही सगळ्यांनी टाकला आणि बरोबर अंतरावर भोकं पाडली. त्याच्या दोन वर्षांच्या नुकसानीवर आम्ही शिकलो. त्याला कोणी एक रुपया दिला नाही. ग्रामपंचायतीने नारळ पण दिला नाही.

आता तो म्हणतो, पुढचं नवीन काही आलं तर आधी तुम्ही करा. बरोबरच आहे की त्याचं.

---

टिळकवाडीची_मास्तरीण

काका, हरितक्रांतीच्या वेळच्या आपल्याच देशातल्या शेतकऱ्यांवर अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी १९९५ मध्ये अगदी हेच दाखवलं. शेजाऱ्याच्या अनुभवाचा शेतकऱ्याला फायदा होतो, आणि म्हणूनच जो तो शेजाऱ्याने आधी करावं म्हणून थांबतो. त्यामुळे नवं बियाणं पसरायला हवा त्याहून जास्त वेळ लागला. तुमच्या गावातल्या त्या माणसाला नारळ मिळायला हवा होता, हे मी शास्त्राच्या आधारे सांगते!

---

जुना_बेळगावकर

नारळावरून आठवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. पुढे चारा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. नांगर खपायला दोन वर्षं लागली, लोखंडाने जमिनीला विष होतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. मग ठळकवाडीची वसाहत वसवायची म्हणून नगरपालिकेने जागा सोडायला लावली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान आणि कर्ज दिलं, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी झाली. आपण आज जिथे फिरायला जातो तिथे कारखाना होता.

नवं शिकायची किंमत लक्ष्मणरावांनी दिली, आणि शिकलेलं गावाबाहेर गेलं. एक मोठा कारखाना गेला एवढंच नाही, त्याच्याबरोबर शिकवणारी माणसं गेली.

---

वडगाव_खड्डामाग

आजोबा, तिथून जे शिकले त्यातून आजूबाजूला किती कारखाने झाले तेही मोजा की. कोल्हापूर, सांगली, इकडे उद्यमबाग. ज्ञान गेलं म्हणजे हरवलं असं नाही.

---

जुना_बेळगावकर

बाळा, पसरलं हे मान्य. पण ज्या गावाने जागा काढून घेतली, त्या गावाला त्याचं श्रेय घेता येत नाही, एवढं मी म्हणणार.

---

शिनोळीचा_एचआर

कायद्याचं सांगतो, कामाचं आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. आता ३० किंवा जास्त माणसं असतील तर २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, त्याहून लहानांना ऐच्छिक. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकारकडून मिळतो. वाळूवाला, घेताय का?

---

वाळूवाला_उद्यमबाग

घेतलंय साहेब, एका मुलासाठी. मदत होते, नाही म्हणत नाही. पण तो पैसा मुलाच्या नावाने येतो. त्याला शिकवताना मामांच्या ज्या पेट्या कमी होतात, त्याचा रकाना त्या अर्जात नाही. मामांना मी पेटीवर पैसे देतो. म्हणजे ते मन लावून शिकवतील त्या दिवशी त्यांची कमाई घटते. हे मला काल रात्री हिशेब लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं. इतकी वर्षं मी मामांना शिकवा म्हणत होतो आणि शिकवण्याबद्दल त्यांचेच पैसे कापत होतो.

---

हत्तरगी_सीएनसी

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडेही सेटर (मशीन लावून देणारा) नव्या मुलाला शिकवतो तेव्हा त्याचा इन्सेंटिव्ह जातो. उद्याच मॅनेजरशी बोलतो.

---

खानापूर_कौल

भाषेचंही बोला कोणीतरी. माझा पहिला उस्ताद कन्नड बोलायचा, मी मराठी. त्याने 'मण्णु' म्हणत हातात चिखल दिला, मी 'माती' म्हटलं, आणि तीन महिन्यांत दोघांची मिळून एक तिसरीच बोली झाली. आता आमच्या वीटभट्टीवर पोरं बाहेरच्या राज्यांतून येतात, त्यांना दोन्ही येत नाही. तरी हाताने दाखवलेलं कळतं. कागदावर लिहून, व्हिडिओ काढून सगळं होईल म्हणणाऱ्यांनी एकदा भट्टीवर यावं. व्हिडिओतल्या चिखलाला हात लागत नाही.

---

वाळूवाला_उद्यमबाग

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. धागा वर काढल्याबद्दल माफी, पण काय झालं ते सांगायलाच हवं.

मॅडमनी कारागिरांच्या संघाचं लिहिलं ते डोक्यातून गेलं नाही. शेजारच्या दोन फाउंड्रीवाल्यांना चहाला बोलावलं. आम्ही तिघे एकमेकांची पोरं पळवतो, हे तिघांनाही माहीत. ठरलं ते असं. मामा दिवाळीनंतर पेटी ठोकणार नाहीत, फक्त शनिवारी दुपारी शिकवणार. त्यांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी, तिघांनी तिसरा-तिसरा हिस्सा. पोरं तिन्ही शॉपची. कोणाचं पोरगं कोणाकडे गेलं तरी शिकवण्याचा खर्च बुडाला असं कोणाला वाटणार नाही. मामांची अट एकच, "नुसतं हात दाखवणार न्हाई, पोरांनी मशीनवर पण मोजायचं. मलाबी कळू दे मशीन काय सांगतंय."

दिवाळीला वेळ आहे, पण मामांना राहवेना. परवा पहिला शनिवार झाला. मामांनी वाळूचे तीन ढीग केले, एक ताजा, एक निम्मा, एक मेलेला. सहा पोरांना डोळे मिटून मूठ दाबायला लावली. चौघांचं चुकलं. ओडिशाचा एक मुलगा, येऊन आठ महिने झालेत, त्याने तिन्ही बरोबर सांगितले. आणि शेजारच्या शॉपच्या लॅबमध्ये बसणारी मुलगी, मूठ तिची चुकली, पण तिने तिन्हींची मिथिलिन ब्लू केली आणि आकडे खडूने ढिगांसमोर फरशीवर लिहिले. मामा चष्मा लावून बराच वेळ ते आकडे बघत होते. मग मधल्या ढिगातली वाळू परत मुठीत घेतली आणि तिला म्हणाले, "अजून एकदा कर."

---

निपाणीची_कापशी

वाचून फार बरं वाटलं. शेजारच्या काकांकडे मी काल गेले होते, अंगठ्याची घडण विचारायला. बाबांना सांगूनच गेले. काका म्हणाले, सोमवारी ये.

---

मच्छे_शिफ्ट_बी

दादा, पुढच्या शनिवारी कोअर (मालातली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बनवणं आहे का? माझ्या भाच्याला पाठवू? त्याच्या वाटणीचे पैसे मी देतो.